घोड्याला घरी इंजेक्शन द्यायचंय? पहिल्यांदा देणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

डॉक्टर येऊन पहिलं इंजेक्शन देऊन गेले, चिठ्ठीवर पुढचे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवलं, आणि जाता जाता म्हणाले की रोज येणं काही जमणार नाही, आता तुम्हीच देत जा. घोडा ठेवणाऱ्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच राजेहो. वरातीची घोडी असो, मेंढरांमागे फिरणारं तट्टू असो की हौसेनं आणलेला काठेवाडी असो. आपल्या इकडे गाय-बैलाला सुई टोचणारा माणूस गावात सहज सापडते, पण घोड्याचं म्हटलं की सगळे दोन पावलं मागं सरकतात, आणि जो पुढं येतो तो बैलासारखंच धपकन मारून मोकळा होतो. बैलाचं तंत्र घोड्याला चालत नाही, म्हणून हे लिहिलं.

आधीच सांगतो, हे फक्त मांसात द्यायच्या इंजेक्शनबद्दल आहे. नसेतलं इंजेक्शन घरी द्यायचं नाही, कोणी कितीही छाती ठोकून सांगो की मला येते म्हणून. घोड्याच्या मानेला खालच्या अंगानं जी पन्हळ दिसते तिच्यात मोठी नस असते, आणि त्या नसेच्या आतल्या बाजूला, अगदी लागूनच, मेंदूकडं जाणारी धमनी असते. सुई जरा खोल गेली आणि औषध धमनीत गेलं की ते सरळ मेंदूत, आणि घोडा तुमच्या डोळ्यासमोर झटके देत खाली. तिथं मग डॉक्टर येऊनही फार काही करता येत नाही.

औषध कोणतं हे डॉक्टरच ठरवतील

घरात उरलेल्या बाटल्या असतातच. बैलाच्या खुराच्या वेळची, म्हशीच्या कासेच्या वेळची. त्या घोड्याला द्यायच्या नाहीत, आणि मेडिकलवाल्यानं "हे पण सेमच आहे" म्हटलं तरी द्यायच्या नाहीत. गाईगुरांना चालणारी काही औषधं घोड्याला सरळ जीवघेणी आहेत, टिलमिकोसिन त्यातलंच एक, लिंकोमायसिन दुसरं. दुखण्यावरची फिनाइलब्युटाझोन मांसात दिली तर तिथलं मांस सडते. फ्लुनिक्सिनच्या बाटलीवर मांसात चालते असं लिहिलेलं असू शकते, तरी घोड्यात त्या जागी जंतूंचा भयंकर संसर्ग झाल्याच्या घटना आहेत, त्यामुळे जाणकार डॉक्टर ती नसेतून किंवा तोंडानंच देतात. गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही घोड्याला टोचायचं नाही, जंतासाठी तोंडातून द्यायची पेस्ट मिळते ती वापरा. आणि डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंदच आहे, गिधाडं मेली त्याच्यामुळं. गडचिरोलीकडं राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पोट दुखून घोडा लोळत असेल, पाय आपटत असेल, कुशीकडं वळून वळून बघत असेल तर घरचं कोणतंच इंजेक्शन नको. दुखणं दबते, आतडं आत पिळलेलं असलं तर ते तसंच राहते, आणि डॉक्टर येतात तेव्हा त्यांना घोडा बरा दिसते. आधी फोन. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना उचलत नसेल तर १९६२ लावा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे. नागपूरच्या आसपास असाल तर सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथं घोडा गाडीत घालून नेता येते.

अजून एक. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, अंगावर गाठी फुटून जखमा, असं काही दिसलं तर सुई राहू द्या बाजूला, आधी सरकारी डॉक्टरांना कळवा. ग्लँडर्स असू शकते. तो माणसालाही होते आणि तो सरकारला कळवणं कायद्यानंच बंधनकारक आहे.

घोड्याचं वजन

डॉक्टरांनी बघून डोस लिहिला असेल तर प्रश्नच नाही, पण फोनवर विचारत असाल तर ते पहिलं वजनच विचारतील, आणि आपण "असंल तीनशे किलो" असं ठोकून देतो. शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून, खांद्यावरच्या उंचवट्यावरून फिरवून छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकाच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला भागिले ११,८८०, आले किलो. घेर १५० आणि लांबी १३० असली तर २४६ किलोच्या आसपास येते. आपल्याकडची बरीच तट्टं याहूनही हलकी निघतात, आणि अंदाजानं तीनशे सांगितलं असतं तर डोस कितीनं चुकला असता ते तुम्हीच बघा.

सामान

सिरिंज डिस्पोजेबल, औषध जेवढं आहे त्याच्यापेक्षा एक साइज मोठी. सुई दीड इंची. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे उलटं आहे, लक्षात ठेवा. १८ नंबरचं बूड गुलाबी असते, २० चं पिवळं, २१ चं हिरवं. पाण्यासारख्या पातळ औषधाला २० चालते, पेनिसिलीनसारख्या पांढऱ्या दाट औषधाला १८ घ्या, बारीक सुईत ते अडकते आणि मग दट्ट्या दाबता दाबता सुईच निघून येते. गुरांसाठीच्या त्या जुन्या जाड स्टीलच्या सुया, उकळून उकळून वापरायच्या, त्या ठेवून द्या कुठंतरी. प्रत्येक वेळी नवी सुई. एका घोड्याची दुसऱ्याला तर अजिबातच नाही, सर्रा हा रक्तातल्या जंतूचा रोग असाच पसरते, माशी चावली काय आन् तुमची सुई चावली काय, जंतूला फरक पडत नाही.

स्पिरिट आणि मेडिकलमधला कापूस. घरी पोत्यानं कापूस पडलेला असताना विकत कायले आणायचा असं वाटते, पण शेतातल्या कच्च्या कापसावर मेण असते, तो स्पिरिट पीतच नाही, वर धूळ ती वेगळी. पावडरची बाटली असेल तर त्यात फक्त मेडिकलचं इंजेक्शनचं पाणी, हापशाचं नाही, फिल्टरचं पण नाही.

पेनिसिलीन फ्रिजमध्ये, २ ते ८ डिग्रीत. आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे, टिनाच्या गोठ्यातल्या खुंटीवर पिशवीत लटकवलेली बाटली दुपारपर्यंत चहाच्या पाण्याइतकी तापते. प्रोकेन पेनिसिलीन तापली की तिच्यातलं प्रोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, सुटं होते आणि तेच पुढं घोड्याला त्रास देते. तालुक्याहून आणताना थर्मासात बर्फ टाकून आणा, पण बाटली पिशवीत गुंडाळून, बर्फाला टेकवून गोठवायची पण नाही. द्यायच्या आधी दहा मिनिटं तळहातात धरून कोमट करा आणि चांगली हलवा, तळाशी साका बसलेला असते, न हलवता ओढलं तर पहिल्या दिवशी पाणी आणि शेवटच्या दिवशी चुना.

जागा: मानेचा त्रिकोण

इथं थांबून नीट वाचा. नव्या माणसाला वाटते की मानेचं हाड आयाळीखाली असते, पाठीसारखं. तसं नाही. आयाळीखाली चरबी आणि एक जाड दोरखंडासारखी चिवट शिर असते (रक्ताची नस नव्हे), आणि मानेचे मणके खालून जातात, खांद्याजवळ तर फारच खाली. मग मधे जी मांसाची जागा उरते ती त्रिकोणी. वरची बाजू म्हणजे आयाळीखालची ती शिर, खालची बाजू मणक्यांची ओळ, मागची बाजू खांद्याचं फावडं. हात लावून शोधा, घाई नाही, हे काम सुई हातात नसताना आदल्या दिवशी करा. खांद्याच्या हाडाच्या पुढच्या कडेला तळहाताचं मनगटाकडचं बूड टेकवा, पंजा मानेवर सपाट ठेवा, आयाळीच्या मुळापासून चांगली चार बोटं खाली. तळहाताखाली मऊ मांस लागते ती जागा. कडक लागलं तर हात चुकला. पहिल्या वेळी डॉक्टर असतानाच खडूनं तिथं गोल करून घ्या, त्यांनाही बरं वाटते की समोरचा नीट शिकून रायला.

दुसरी जागा मागच्या मांडीची. ढुंगणाच्या टोकाच्या हाडाखाली पायाच्या मागच्या कडेनं जो मांसल पट्टा उतरते तो. तिथं मांस भरपूर, आणि गाठ पिकलीच तर पू खाली वाहून जाते हा मोठा फायदा. तोटा म्हणजे लाथ. घोड्याच्या कुशीला चिकटून, तोंड शेपटीकडं करून उभं राहायचं आणि हात मागं लांबवून टोचायचं, मागं जाऊन उभं राहायचंच नाही. शिंगरू असेल तर मांडीच बरी, मान दुखली की त्याला आईचं दूध पिता येत नाही. पुठ्ठ्यावर वरून, जिथं बैलाला मारतात तिथं, घोड्याला नको. तिथं पिकलं तर पू बाहेर यायला वाटच नसते, आतल्या आत खाली उतरत जाते.

पाच दिवस दोन टाइम म्हणजे दहा टोचे. डावी मान, उजवी मान, डावी मांडी, उजवी मांडी असं फिरवत राहा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, कारण तिसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. एका जागी १० ते १५ मिलीच्या वर नाही, तट्टू असेल तर त्याहून कमी. जास्त असेल तर दोन जागी वाटा, मधे वीतभर अंतर ठेवून.

धरणारा माणूस

हा टोचणाऱ्याइतकाच महत्त्वाचा. घोड्याच्या ओळखीचा पाहिजे, आणि बिडी-मोबाइल बाजूला ठेवणारा. टोचणारा ज्या बाजूला उभा, धरणारा पण त्याच बाजूला, खांद्यापाशी. घोडा उसळला तर धरणारा मोरकी आपल्याकडं ओढते, तोंड इकडं आलं की मागचा भाग आपोआप तिकडं फिरते, तुमच्यापासून लांब. दोघं दोन बाजूला असले की एक जण हमखास लाथेत. समोर उभं राहायचं नाही, पुढचे पाय उचलून मारते. दोर हाताला गुंडाळायचा नाही, बोटं जातात.

खांबाला कसून बांधून टोचू नका. बांधलेला घोडा दचकला की मागं ओढते, दोर ताणला की अजून घाबरते, मोरकी तुटली तर घोडा उताणा आणि नाही तुटली तर मान. मोकळं अंगण, पायाखाली कोरडी जमीन, एका बाजूला भिंत असली तर चांगलं. कुत्रं बांधा, पोट्ट्यांना हाकला. कान पिळून धरायची काही लोकांना सवय असते, त्यानं घोडा तेवढ्यापुरता उभा राहते पण मग महिनाभर मोरकी घालू देत नाही. त्यापेक्षा त्या बाजूच्या डोळ्यावर तळहात आडवा धरा, पुरते. वरातीच्या घोड्यांचं मला नवल वाटते, डीजे, फटाके, डोक्यावर झुंबरं, सगळं सहन करतील आणि स्पिरिटचा वास आला की थरथर.

ज्याच्याकडं वेळ आहे त्यानं कोर्स नसतानाच सवय लावावी. रोज मानेवर हात फिरवून कातडीची चिमटी घ्यायची, सोडायची, गुळाचा खडा द्यायचा. पुढं पेनच्या टोकानं टोचल्यासारखं करायचं, परत गूळ. आठवड्याभरात घोडा चिमटी म्हणजे गूळ असं समजून मान पुढं करते.

आता टोचायचं

वेळ सकाळची किंवा उन्ह उतरल्यावरची, कामावरून घामेजून आलेल्या घोड्याला लगेच नाही. हात साबणानं धुवा. बाटलीवरचं नाव चिठ्ठीशी ताडून बघा, एक्स्पायरी बघा. रबरी बूच स्पिरिटनं पुसा, वाळू द्या, एका सुईनं औषध ओढा, सिरिंज उभी धरून टिचकी मारा आणि हवा काढून टाका. बारीकसा बुडबुडा राहिला तर मांसात काही होत नाही, सिनेमातल्यासारखं कोणी मरत नाही. मग ती सुई काढून दुसरी नवी लावा, बुचातून गेलेली सुई बोथट होते आणि बोथट सुई दुखते.

मानेवरची जागा स्पिरिटच्या बोळ्यानं एकाच दिशेनं पुसा, बोळा काळा आला तर दुसरा, तिसरा. केसाळ आणि चिखलानं माखलेला असेल तर आधी ब्रश. चिखलावर स्पिरिट लावून काही उपयोग नाही. अर्धा मिनिट वाळू द्या.

सुई सिरिंजपासून वेगळी करून अंगठा आणि दोन बोटांत बुडाशी धरा. दुसऱ्या हातानं जागेच्या बाजूची कातडी चिमटीत पकडा, चांगली घट्ट, तीन-चार सेकंद. घोड्याचं लक्ष चिमटीकडं जाते. चिमटीला लागून, कातडीला काटकोनात, एका दमात सुई बुडापर्यंत घाला. हळूहळू रेटायचं नाही, ते खरं दुखणं. आधी मानेवर दोन-तीन बुक्क्या मारून मग सुई मारायची जुनी पद्धत आहे, पुष्कळ जण अजून तसंच करतात, पण मला ती पटत नाही, हुशार घोडं दुसऱ्या दिवशी पहिल्या बुक्कीलाच निघून जाते.

सुई गेली की थांबा. घोडा हलला तर हलू द्या, तुमचा हात त्याच्या मानेवर टेकलेला असू द्या म्हणजे हातही सोबत जाते. सुईच्या बुडातून रक्त ठिबकलं तर सुई नसेत आहे, काढा, नवी सुई, नवी जागा. नाही ठिबकलं तर सिरिंज बसवा, घट्ट पिळा, आणि दट्ट्या थोडा मागं ओढून बघा. सिरिंजमध्ये लाल आलं तर तेच, काढा. काही आलं नाही तरच औषध सोडा, सावकाश. अर्ध्यात थांबून दट्ट्या पुन्हा एकदा मागं ओढायचा, कारण मधे घोडा हलला असेल तर सुईचं टोकही सरकलेलं असते. पेनिसिलीनला तर हे चुकवूच नका.

कारण ते नसेत गेलं तर काय होते ते सांगतो. काही सेकंदांत घोडा फुरफुरते, डोळे मोठे, मग जोरात गोल फिरते, भिंतीवर आदळते, कधी पडते. हा प्रोकेनचा झटका. अशा वेळी धरायला जायचं नाही, दोर सोडा, सगळे बाहेर, दार बंद. बहुतेक वेळा काही मिनिटांत उतरते. डॉक्टरला लगेच सांगा, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढचा डोस नाही.

औषध गेलं की सुई सरळ बाहेर, कापूस दाबून धरा, एखादा थेंब रक्त येते त्याचं काही नाही. गूळ द्या आणि मगच मोरकी सोडा.

नंतर

अर्धा तास घोड्यापाशीच राहा. अंगावर गांध्या उठणं, तोंड सुजणं, धाप लागणं, डुलणं, यातलं काहीही दिसलं तर ॲलर्जी समजून ताबडतोब फोन.

जागेवर लिंबाएवढी सूज, दाबलं तर दुखणं, हे दोन-तीन दिवस चालते. गरम पाण्याच्या फडक्यानं शेका. मान दुखणारा घोडा जमिनीवरचं खात नाही आणि आपल्याला वाटते आजार वाढला. घमेलं आणि पाणी छातीच्या उंचीवर ठेवून बघा, लगेच खायला लागते.

पण सूज तासातासानं पसरत असेल, घोडा सुस्त, ताप ३८.५ डिग्रीच्या वर, आणि सूज दाबली की आत पापडासारखी कुरकुर वाजत असेल तर तो वायू तयार करणारा जंतू आहे. सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनलाही डॉक्टरला उठवा. तापासाठी साधा डिजिटल थर्मामीटर घरी ठेवा, व्हॅसलीन लावून गुदद्वारात, मिनिटभर, हातानं धरूनच.

दोन दिवसांत घोडा बरा दिसला म्हणून कोर्स सोडू नका. उरलेली औषधं पुढच्या वेळी कामाची म्हणून ठेवायची सवय इथूनच सुरू होते.

वापरलेल्या सुयांवर टोपण परत लावायच्या नादात लोक स्वतःलाच टोचून घेतात. टोपण नकोच, सरळ एखाद्या जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, झाकणाला भोक पाडून, आणि भरला की दवाखान्यात द्या. उकिरड्यावर टाकल्या तर तेच खत शेतात जाते आणि निंदणाऱ्या बायांच्या पायात निघते. तुम्हाला टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. घरात कुणाला पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर त्यानं हे काम करायचंच नाही.

आणि डॉक्टर आलेच आहेत तर धनुर्वाताचं विचारून घ्या. सगळ्या पाळीव जनावरांत घोडा धनुर्वाताला फार कच्चा, आणि नाल निघालेल्या खुरात खिळा जाणं आपल्याकडं रोजचं. पहिल्यांदा चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, मग दरवर्षी एक. तारीख त्याच कॅलेंडरवर लिहा, आणि नवीन कॅलेंडर आणलं की जुनं फेकायच्या आधी उतरवून घ्या.